आत्याच्या घरात जागा नाही

मांडव सुटला, काहील घासून पालथी घातली, पत्रावळी उचलून झाल्या. आता सगळे देवळाच्या पायऱ्यांवर बसा. मागच्यांनी पुढे या. कुणाला घरी जायची घाई असेल तर त्यानं ती जरा दाबून धरावी, कारण ही गोष्ट ऐकल्याशिवाय हिवरदऱ्याची जत्रा संपत नाही. दरवर्षी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती सांगायची असते आणि यंदा ते काम माझ्याकडे आलं आहे. मी या गावची सून. माझं बोलणं जरा तिखट आहे, असं घरचे म्हणतात. ज्यांना गोडच हवं असेल त्यांच्यासाठी कालची लापशी उरली आहे.

तर फार वर्षांपूर्वी, म्हणजे गावाला पायवाट होती पण रस्ता नव्हता तेव्हा, हिवरदऱ्याची जत्रा साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेली होती. टेकडीवरच्या जाखाईची पालखी निघायची, काहिलीत लापशी शिजायची, ओढ्याच्या वाळूत कुस्त्या व्हायच्या. आणि सासरी गेलेल्या सगळ्या लेकी माहेरी यायच्या. बाकी वर्षभर त्यांना कुणी धाडत नसे. कधी पेरणी आडवी येई, कधी सासूचं दुखणं, कधी गाय व्यायला झालेली असे. पण जत्रेला धाडावंच लागे, कारण देवीचं बोलावणं नाकारायची कुणाची छाती नव्हती. पुरुषांसाठी जत्रा कुस्त्यांची असेल, पोरांसाठी रेवड्यांची असेल. बायकांसाठी ती लेकीच्या भेटीची होती.

त्या जत्रेत प्रत्येक कामाला मान होता. हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यातूनच घडलं. मांडवाची पहिली गाठ दहातोंड्यांच्या घरानं मारायची. वाढायचं मोठं ओगराळं आधी माळ्यांनी हातात घ्यायचं. काहिलीखालची चूल गवांद्यांनी पेटवायची, आणि चुलीनं जाळ धरला की मगच ढोलावर काठी पडायची. ज्याचा मान त्याचंच काम. ज्याला मान नाही त्यानं कोपऱ्यात उभं राहून बघायचं. मान बापाकडून लेकाकडे जाई, आणि दुसऱ्याच्या मानाला हात लावणं म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलणं, असं गाव समजत असे.

मग एका वर्षी पटकीची साथ आली. गवांद्यांच्या घरातली दोन माणसं गेली आणि उरलेली बैलांवर सामान लादून निघून गेली, ती कुठे गेली ते कुणाला कळलं नाही. पुढच्या वर्षी जत्रेचा दिवस आला. मांडव उभा राहिला. लाकडं रचली, गूळ फोडला, काहील चुलीवर चढली. आणि चूल पेटवायला कुणी नाही.

गाव काहिलीभोवती बसलं. कुणी म्हणालं, गवांदे वाटेत असतील. कुणी म्हणालं, उन्हं वर आली की येतील. उन्हं वर आली, उन्हं कलली. चकमक प्रत्येकाच्या कमरेला होती, पण एकाचाही हात कमरेकडे गेला नाही. संध्याकाळी ज्यानं त्यानं आपापला गूळ उचलून घरी नेला आणि लेकी उपाशीपोटी सासरच्या वाटेला लागल्या, असं म्हणतात.

हसू नका. ती माणसं आळशी नव्हती. सगळी भली माणसं होती आणि एकमेकांचा मान राखत बसली होती.

त्याच्या पुढच्या वर्षी लाकडं रचली नाहीत, कारण पेटायचीच नाहीत तर रचायची कशाला. त्यानंतर मांडवही घातला नाही, कारण चूल नाही तर मांडव कशासाठी. ढोल कोठीत खुंटीला लागला. जत्रेच्या दिवशी गुरव देवीपुढं एक नारळ फोडी आणि दार ओढून घेई. लेकी यायच्या थांबल्या. जत्रा बंद करायची असं कुणीच ठरवलं नव्हतं, तरी ती बंद पडली.

आता धुरपाआत्याची ओळख करून घ्या. ती या गावची लेक. लग्न होऊन लांब गेली होती. नवरा गेल्यावर कडेवरच्या लेकीला, सगुणाला, घेऊन परत आली आणि गावाच्या टोकाला, उंबराखालच्या एका लांबोळक्या घरात राहिली. दुसऱ्याच्या शेतात राबून तिनं सगुणाला वाढवलं आणि घाटाखालच्या गावात तिचं लग्न लावून दिलं. आत्याला कसलाच मान नव्हता. सासरचा मान सासरी राहिला आणि माहेरचा भावाकडे. अंगानं ती काडी होती, आवाज मात्र असा की तिनं हाक मारली तर ओढ्यापलीकडची म्हैस चरायची थांबून बघायची, असं म्हणतात.

जत्रा बंद पडली तशी सगुणाही यायची थांबली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरंही गेलं. आत्याच्यानं राहवेना. ती घाट उतरून लेकीला न्यायला गेली. विहीणबाई ओसरीवर सुपात बाजरी पाखडत बसली होती.

"लेकीला चार दिस नेते," आत्या म्हणाली.

"कशापायी?"

"गावची जत्रा जवळ आली."

विहीण सूप खाली ठेवून हसली. "कसली जत्रा? तुमच्या गावात चूल पेटत न्हाई म्हनं. असं करा, तुमच्या गावचा ढोल वाजू द्या. माझ्या कानावर येऊ द्या. त्याच पावली धाडते तिला."

हिवरदरं वर, ते गाव खाली, आणि मधे डोंगराच्या सोंडांवर सोंडा. तिथून ढोल काय, वीज पडल्याचाही आवाज खाली जात नसे. विहिणीलाही ते माहीत होतं. सगुणानं आईच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि तोंड वर न करता म्हणाली, "आये, ढोल मोठ्यानं वाजव."

घाट चढून येताना आत्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, असं म्हणतात. मला ते खरं वाटत नाही. रडली असणार. रडत रडत चढत राहिली, एवढंच.

गावात आल्यावर तिनं आधी तेच केलं जे तुम्ही-आम्ही करतो. चावडीपुढं उभी राहून आपल्या त्या आवाजात तिनं सगळ्यांना विचारलं, "जत्रा करायची हाय. कोन कोन हात लावतंय?"

"आमी हाय की," लोक म्हणाले. "सांगा फकस्त."

"समदी असली तर मी बी हाय."

"बघू. सुगी हुंदे."

हे ओळखीचं वाटतंय ना? वाटायलाच हवं. तेव्हापासून यात एका शब्दाचाही फरक पडलेला नाही.

मग रावजीआप्पा दहातोंडे उठले. मानकऱ्यांत ते सगळ्यांत वडील, आणि त्यांच्या शब्दाबाहेर गाव नव्हतं. आप्पा म्हणाले, "धुरपा, चूल गवांद्यांची हाय. दुसऱ्याच्या मानाला हात लावायचा न्हाई, हे माझ्या बापानं जाता जाता मला सांगितलंय. गवांदे येतील तवा जत्रा हुईल."

"आन न्हाई आले तर?"

"तर न्हाई हुनार," आप्पा म्हणाले आणि बसले. त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. त्यांनाही जत्रेची आठवण येत होती. पण बापाला दिलेला शब्द ते पिढीजात जमिनीसारखा सांभाळत होते.

आत्या घरी गेली आणि उंबऱ्यावर बसून राहिली. अख्ख्या गावाला एकदम विचारलं की कुणालाच विचारल्यासारखं होत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. आणि मदत मागितली की माणूस आधी आपला मान शोधतो, हेही कळलं. मग काय मागायचं? ती उठली तेव्हा तिच्या मनानं काहीतरी घेतलं होतं, आणि आत्याच्या मनानं घेतलं की देवीसुद्धा तिला वळवू शकत नसे, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली आणि गुरवाला कोठी उघडायला लावली.

"आता काय काढायचंय यातलं?" गुरवानं विचारलं.

"कोठी गळतीया. समद्या वस्तू सडतील. घरी नेऊन ठिवते."

कोठी खरंच गळत होती की नाही ते देवीला ठाऊक. आत्यानं आधी ओगराळं काढलं आणि ते घेऊन ती स्वतःच्या घराकडे न जाता कोष्ट्यांच्या दारात गेली. त्या घरात यमुना नावाची नवी सून होती. लाजरी इतकी की पाण्याला जाताना भिंतीच्या कडेनं चालायची. कोष्ट्यांना जत्रेत कसलाच मान नव्हता.

"बाय, येवढं ओगराळं ठिवून घेतीस का?" आत्या म्हणाली. "माझ्या घरात जागा न्हाई."

यमुनेनं ठेवून घेतलं. का नाही ठेवणार? काम कर म्हटलं की माणूस पंचांग काढून बसतं. पण शेजारणीची वस्तू ठेवून घ्यायची म्हटलं तर नाही म्हणायला तोंड उघडत नाही. ठेव नाकारणारा माणूस हिवरदऱ्यात तेव्हा नव्हता.

मग आत्यानं मांडवाचे दोर काढले आणि ते दहातोंड्यांकडे न देता कुंभाराच्या घरी दिले. समया माळ्यांच्या दारात नेल्या. पालखीचा गोंडा तेलणीकडे दिला. ज्याचा जो मान, ती वस्तू त्याच्या घरी चुकूनही जाऊ दिली नाही. दारोदार तिचं एकच वाक्य: ठेवून घ्या, माझ्या घरात जागा नाही.

काहील राहिली. ती उचलायला आठ गडी लागत. आत्यानं ती एकटीनं कडेवर उभी केली आणि टेकडीवरून सोडून दिली. काहील गडगडत निघाली, आत्या तिच्यामागं चालत होती, आणि वळण आलं की काहील थांबून तिची वाट बघायची, असं म्हणतात. ज्या घळीतून ती उतरली तिला आजही काहिलीची घळ म्हणतात. ती जाऊन थांबली थेट पैलवानांच्या तालमीपुढं. आत्या मागून येऊन म्हणाली, "असू द्या हितंच. तुमचा व्यायाम हुईल."

ढोल घेऊन ती माळावर बिरा धनगराकडे गेली. बिरा वर्षातून एकदा मीठ घ्यायला गावात उतरायचा आणि कुणाशी न बोलता परत जायचा. जत्रा त्यानं कायम लांबून, मेंढरांत उभं राहून पाहिलेली होती.

"ठिवून घे," आत्या म्हणाली. "गावात उंदरं कातडं खात्यात. तुझ्याकडं कुत्री हायती."

बिरानं ढोलावरून हात फिरवला. "वाजवू का?"

"वाजवायचा न्हाई. ठिवायचा." आत्या चार पावलं गेली आणि पाठ वळवूनच म्हणाली, "न्हाई वाजवला तर कातडं आकसतं म्हनं. मला काय ठावं बाई."

मग गावात हळूहळू जे सुरू झालं ते आत्यानं कुणाला सांगितलेलं नव्हतं. वस्तू घरात आली की माणूस तिच्याकडे बघायला लागतो. यमुनेनं ओगराळं राखेनं इतकं घासलं की त्यात तोंड दिसायला लागलं. आता ते बघायच्या निमित्तानं शेजारणी तिच्या घरात यायला लागल्या आणि ती त्यांच्याशी बोलायला लागली. कुंभारानं दोर उलगडून पाहिले, दोन ठिकाणी कुजलेले निघाले, म्हणून तो नव्या दोरांसाठी अंबाडी मागायला माळ्याकडे गेला. दोर झाले तर बांबू कुठून आणायचे, म्हणून माळी सुताराकडे गेला आणि म्हणाला, "आत्याची ठेव माझ्याकडं हाय, आता बांबू तू ठिव. माझ्या घरात जागा न्हाई." होता होता सगळं गावच एकमेकांच्या घरी काही ना काही ठेवायला लागलं. आणि संध्याकाळी माळावरून ढोलाचा आवाज यायचा. बिरा कातडं आकसू नये म्हणून काळजी घेत होता.

आता एकच घर उरलं, रावजीआप्पांचं. जत्रेच्या आदल्या आठवड्यात, दिवस उगवायच्या वेळी आत्या खापरात विस्तव घेऊन आप्पांच्या दारात उभी राहिली.

"आप्पा, येवढा इस्तू ठिवून घ्या. माझी चूल ल्हान. घरात जागा न्हाई, इझून जाईल."

आप्पा दूधखुळे नव्हते. गावभर काय चाललंय ते ओसरीवर बसून त्यांना सगळं दिसत होतं. त्यांनी खापराकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. पण दारात आलेला विस्तव परत पाठवणं त्या काळी मोठं अशुभ होतं, आणि ठेव नाकारणंही त्यांच्या रक्तात नव्हतं.

"किती दिस?" त्यांनी विचारलं.

"येते की न्यायला," आत्या म्हणाली. ती आलीच नाही.

आप्पांनी विस्तव राखेखाली झाकला. रोज पहाटे उठून ते गोवरीचा तुकडा घालत आणि फुंकर मारत. सून म्हणाली, मामंजी, तुम्ही कशाला त्रास घेता, मी बघते. आप्पा म्हणाले, "ठेव माझ्याकडं दिलीया." धुरानं त्यांचे डोळे लाल झाले, पण विस्तव एकदाही काळा पडला नाही, असं म्हणतात.

जत्रेचा दिवस उजाडला. दवंडी नव्हती, आमंत्रण नव्हतं. आत्या पहाटेच देवळापुढं येऊन चुलीजवळ बसली होती. पहिली यमुना आली, डोक्यावरचा पदर सावरत, हातात ओगराळं.

"आत्या, ही तुमची ठेव. खाली ठिवू?"

"नगं. हातातच धर. खाली जागा न्हाई."

मग पैलवानांनी काहील आणली आणि ती बाकी कुठे मावेना म्हणून चुलीवरच चढवली. कुंभार आला, त्याच्यामागं सुतार, दोर आणि बांबू हातात धरून किती वेळ उभं राहणार म्हणून त्यांनी मांडव बांधूनच टाकला. ज्यांच्याकडे गूळ ठेवायला होता त्यांनी तो आणला. लाकडं आली, समया आल्या. बिरा धनगर मेंढरं कुत्र्यांवर सोडून, ढोल गळ्यात अडकवून पहिल्यांदाच मांडवाच्या आत येऊन उभा राहिला. पटांगण माणसांनी आणि वस्तूंनी गच्च भरलं. कोपऱ्यात बघत उभं राहिलेलं एकही माणूस नव्हतं, कारण रिकाम्या हातांचं कुणी उरलंच नव्हतं.

फक्त चूल थंड होती.

पुन्हा तीच जागा, तीच काहील. गावाला ती उपाशी संध्याकाळ आठवली. ऊन वर चढायला लागलं. आत्याच्या मनात काय चाललं असेल ते ज्याची लेक लांब आहे त्यालाच कळेल. चूल पेटली नाही तर ढोल नाही, ढोल नाही तर सगुणा नाही. ती आप्पांच्या घराच्या वाटेकडे बघत होती आणि हलत नव्हती.

आप्पा आले. खापरावर उपरणं धरून, वाऱ्याला पाठ देत, एक एक पाऊल टाकत आले. गावानं वाट दिली. ते चुलीपुढं उभे राहिले.

"न्यायला येते म्हनाली व्हतीस," आप्पा म्हणाले.

"पाय दुखत व्हते."

"तू मला फशिवलंस धुरपा."

"व्हय," आत्या म्हणाली.

आप्पांनी खापरावरचं उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "ही चूल गवांद्यांची हाय. मी पेटिवनार न्हाई."

"नगा पेटवू. माझी ठेव तेवढी परत करा."

"कुठं ठिवू?"

आत्यानं पटांगणावर नजर फिरवली. इथं माणसं, तिथं समया, पलीकडं गुळाच्या ढेपा. पाऊल टाकायला वाव नव्हता.

"बघा तुमीच," ती म्हणाली, "कुठं जागा दिसतीया का."

आप्पांनी पाहिलं. सगळ्या पटांगणात एकच रिकामी जागा होती, काहिलीखाली, रचलेल्या लाकडांच्या मधोमध. ते बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिले. मग त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं आणि डोळ्यांत पाणी आलं. पाणी धुरामुळे आलं असं ते नंतर मरेपर्यंत सांगत राहिले. ते गुडघ्यावर बसले आणि खापर तिथं उपडं केलं.

"ठेव हाय ही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "गवांदे आले की त्यांची त्यास्नी देऊ. तवर सांभाळायची."

जाळ असा उठला की देवळाच्या कळसावर उजेड पडला, भर दिवसा, असं म्हणतात. आणि बिरानं काठी हाणली.

त्या ढोलाबद्दल दोन गोष्टी सांगतात. एक अशी की बिराचा पहिला घाव डोंगराच्या सोंडांवरून उड्या मारत घाटाखाली गेला आणि विहीणबाईच्या सुपातली बाजरी त्याच्या तालावर नाचायला लागली. दुसरी अशी की पलीकडच्या माळावरच्या धनगरानं तो ढोल ऐकला आणि आपला ढोल काढला, त्याचा ऐकून त्याच्या पलीकडच्यानं काढला, आणि असा सोंडेमागून सोंड ओलांडत ताल खाली पोचला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. तुम्हाला कुठली हवी ती घ्या. मला दुसरी आवडते, कारण ती जास्त अवघड आहे.

विहीणबाई बोलल्या शब्दाला जागली. आत वळून म्हणाली, "सगुणे, निघ." पण सगुणा तोवर गाठोडं काखेत मारून अंगण ओलांडून गेली होती. गाठोडं तिनं त्याच सकाळी बांधलं होतं की तीन वर्षांपूर्वी, हे कुणाला ठाऊक नाही.

ती वर पोचली तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. दुपारपासून गाव जेवलं होतं, वाटसरू जेवले होते, धनगरांचे तांडे जेवले होते, आणि काहिलीतली लापशी कडेपासून बोटभरही खाली गेली नव्हती. सगुणानं पहिला घास घेतला तेव्हा कुठे ती उतरायला लागली, असं म्हणतात. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मोठ्यानं रडल्या. आत्याचा आवाज तर सांगितलाच आहे. ओढ्यापलीकडच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

मग सगुणा गाठोडं ठेवायला घरी गेली आणि हसत परत आली.

"आये," ती म्हणाली, "घरात तर समदी जागाच जागा हाय."

खरंच होतं. त्या लांबोळक्या घरात एक चूल, एक वाकळ आणि दोन मडकी होती. बाकी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारवलेली रिकामी जमीन. देवळाची सगळी कोठी आत मावून वर चार बैलं बांधता आली असती.

"हळू बोल," आत्या म्हणाली. "गावाला कळंल."

गावाला ते केव्हाच कळलं होतं, असं म्हणतात. पण कुणी कधी तोंडातून काढलं नाही.

पुढच्या वर्षी आत्यानं सगळ्या वस्तू गोळा करून नव्या घरांत दिल्या. यमुना आता भिंतीच्या कडेनं चालत नव्हती. ती म्हणाली, "ओगराळं ऱ्हाऊ द्या की माझ्याकडंच. हाताला बसलंय आता."

"म्हनूनच दे," आत्या म्हणाली. "हाताला बसलं की त्याचा मान हुतो. मग तू न्हाईस त्या दिवशी गाव उपाशी."

बऱ्याच वर्षांनी एक म्हातारा जत्रेच्या दिवशी वेशीत येऊन उभा राहिला. आत यायला कचरत होता. तो गवांद्यांचा होता. रावजीआप्पा तेव्हा नव्वदीला टेकलेले. ते स्वतः उठून गेले, त्या वर्षी खापर ज्या घरी होतं तिथून ते मागून घेतलं आणि म्हाताऱ्याच्या हातात दिलं. "तुमची ठेव," ते म्हणाले. म्हाताऱ्यानं चूल पेटवली. आणि जाताना खापर परत आप्पांच्या हातात न देता शेजारी उभ्या असलेल्या नव्या माणसाकडे दिलं. त्याला ही रीत कुणी सांगितली नव्हती.

आत्या गेली ती जत्रेच्या दुसऱ्या दिवशीच. सगळ्या वस्तू घरोघरी पोचवून झाल्यावर ती टेकडी चढून गेली आणि कुणाला पुन्हा दिसली नाही. देवी पायऱ्यांवर तिची वाट बघत उभी होती, आणि तिनं आत्याला म्हटलं, ये, माझ्या घरात जागा आहे, असं म्हणतात.

आता आपल्याकडे जाखाई उत्सव मंडळ आहे. जत्रा आहे, तशी कबड्डीचे सामने आहेत, रक्तदानाचं शिबिर आहे, उन्हाळ्यात पोरांची नाटकं आहेत. बाहेरगावचे कार्यकर्ते येतात आणि विचारतात, तुमच्याकडे माणसं कशी जमतात हो, आम्ही सभेत हात वर करा म्हटलं की सगळे चपला शोधतात. आपण काय सांगणार? कोण करणार, हा प्रश्न हिवरदऱ्यात विचारत नाहीत. माइक एका घरी असतो, वायरचं भेंडोळं दुसऱ्या, सामन्याची शिट्टी तिसऱ्या, खुर्च्या तर वीस घरांत वाटलेल्या. वर्ष संपलं की सगळं घर बदलतं. आमदार निधीतून गोदाम बांधून देतो म्हणून एकदा कुणी आलं होतं. मंडळानं त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

उंबराखालचं ते घर अजून आहे. दरवर्षी सारवून घेतो, पण त्यात कुणी पोतंभर धान्यही ठेवत नाही. जत्रेला आलेल्या लेकी तिथं झोपतात, रात्रभर बोलत बसतात, आणि त्यांना जागा पुरते.

झाली गोष्ट. आता खांबाला टेकून उभे आहात ते तुम्ही. हो, तुम्हीच, मागे बघू नका. शाळेजवळच्या खोलीत नवे राहायला आलात ना? काल सगळी जत्रा तुम्ही हाताची घडी घालून बघितलीत, मी पाहत होते. ही गोष्ट पुढच्या वर्षापर्यंत तुमच्याकडे ठेवून घ्या.

सांगता येत नाही म्हणता? सांगायची कुठे आहे, नुसती ठेवायची आहे. आता, सांगितली नाही तर ती आकसते म्हणतात. मला काय माहीत. माझ्या घरात जागा नाही.